कोर्ट सोडून संरक्षण कंपनीच्या विधी विभागात जावे का?

प्रश्न फोंड्याच्या एका तरुण वकील मुलीचा आहे. फोंडा आणि मडगावच्या कोर्टांत चार वर्षे प्रॅक्टिस झाली आहे. वास्कोच्या बाजूला जहाजबांधणीतल्या संरक्षण उपक्रमात विधी अधिकाऱ्याची जागा निघाली तर अर्ज करावा का, असे तिला विचारायचे आहे. घरचे म्हणतात, केंद्र सरकारच्या कंपनीची नोकरी कोण सोडतो? सिनिअर म्हणतात, तिथे गेलीस की वकिली संपली, फायली इकडून तिकडे नेत बसशील. वीस वर्षांनी आपण कुठे असू, एवढेच तिला कळायला हवे आहे.

माझी बहुतेक नोकरी संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांच्या विधी विभागांत झाली, आधी सार्वजनिक आणि नंतर खासगी. त्यावरून सांगतो, अर्ज जरूर करा. चार वर्षे कोर्टात काढून मग कंपनीत जाणे हा मला सगळ्यात चांगला क्रम वाटतो. पण तिथे गेल्यावर कोर्टाच्या तारखा सांभाळणाऱ्या टेबलावर अडकू नका. करार जिथे लिहिला आणि राबवला जातो तिथे पोचा. वीस वर्षांनी तुम्ही कुठे असाल ते बहुतांशी यावरच ठरते.

आधी काय सोडावे लागते ते पाहू, कारण मुलाखतीत हे कोणी सांगत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. नोकरी लागली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. हिमाचलच्या वीज मंडळातल्या एका विधी अधिकाऱ्याने 'मी कंपनीतर्फे कोर्टात उभा राहतो, म्हणजे वकिलीच करतो' असा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तो फेटाळला. म्हणजे पर्वरीला उच्च न्यायालयात तुमच्याच कंपनीचा खटला चालेल, त्याची सगळी तयारी तुम्ही केलेली असेल, आणि तुम्ही पॅनेलवरच्या वकिलाच्या मागच्या रांगेत बसाल. ज्यांना उभे राहून बोलण्याची ओढ आहे त्यांना हे फार जड जाते. तुम्हाला जाईल का, याचा विचार आजच करा.

न्यायाधीश व्हायचे मनात असेल तर आणखी थांबा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. तुमची चार वर्षे झाली आहेत, तेव्हा ती परीक्षा द्यायची असेल तर नोकरीआधी द्या. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीसाठी वकिलाला सात वर्षांची प्रॅक्टिस लागते, आणि कंपनीतली वर्षे त्यात धरली जात नाहीत.

तिसरी गोष्ट अलीकडची आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३२ मध्ये येते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात स्पष्ट केले की कंपनीच्या नोकरीतल्या विधी अधिकाऱ्याला हे संरक्षण मिळणार नाही, कारण तो कोर्टात वकिली करणारा वकील नाही. कलम १३४ खाली मर्यादित आधार आहे, पण तो कंपनीच्या बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी झालेल्या पत्रव्यवहारापुरता. कंपनी आणि तिचा स्वतःचा विधी अधिकारी यांच्यातल्या देवाणघेवाणीला तो लागू नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की तुम्ही फाइलवर लिहिलेला प्रत्येक शेरा उद्या कोणीही वाचू शकतो. सार्वजनिक उपक्रमात तर वाचणारे आधीपासूनच भरपूर आहेत: कॅगचे लेखापरीक्षक, दक्षता विभाग, माहिती अधिकारातला अर्जदार, आणि सात-आठ वर्षांनी एखादा तपास अधिकारी. तेव्हा त्या टेबलावर तुम्ही नसता, तुमचा शेरा असतो. 'कायदेशीर हरकत नाही' एवढेच लिहून सही करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. असा शेरा पुढे कोणालाच वाचवत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. माझ्या हाताखालच्या मुलांना मी साधारण असे लिहायला लावायचो: 'प्रस्ताव एकाच पुरवठादाराकडून खरेदीचा आहे. कारण म्हणून मूळ उत्पादकाचे पत्र जोडले आहे, पृष्ठ १४. त्या पत्रात पर्यायी उत्पादक नाही असे म्हटलेले नाही, फक्त सुटे भाग मूळ उत्पादकाचेच वापरावेत अशी शिफारस आहे. तांत्रिक विभागाने पर्याय नसल्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र द्यावे, त्यानंतर खरेदी नियमावलीप्रमाणे पुढे जाण्यास हरकत नाही.' या पाच ओळींत तुम्ही काय पाहिले, काय पाहिले नाही आणि कोणाची जबाबदारी कुठे आहे ते सगळे आले. चार वर्षे उलटतपासणी केलेल्या वकिलाला हे चटकन जमते, कारण समोरचा कुठे पकडेल ते त्याला ठाऊक असते. आधी कोर्ट करा म्हणतो ते यासाठीच.

आता कामाबद्दल. गोवा शिपयार्डचेच उदाहरण घ्या. पोर्तुगीज काळात १९५७ मध्ये सुरू झालेले हे यार्ड आज संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. जानेवारी २०१९ मध्ये नौदलासाठी दोन फ्रिगेट, म्हणजे मोठ्या युद्धनौका, बांधण्याचा करार झाला; त्यांतल्या 'त्रिपुट'चे जलावतरण जुलै २०२४ मध्ये आणि 'तवस्या'चे मार्च २०२५ मध्ये झाले. मार्च २०२३ मध्ये नौदलासाठी अकरा नव्या गस्ती नौकांचे करार झाले, एकूण सुमारे ९,७८१ कोटी रुपयांचे. त्यांपैकी सात नौका गोव्याच्या वाट्याला आल्या. अशा यार्डाच्या विधी अधिकाऱ्याला एकाच वेळी दोन बाजूंनी उभे राहावे लागते. नौदलापुढे कंपनी कंत्राटदार असते. जहाज उशिरा दिले तर दंड तिला बसतो. आणि शेकडो पुरवठादारांपुढे तीच कंपनी गिऱ्हाईक असते, तिथे दंड ती लावते. या दोन करारांच्या अटी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर मधला सगळा फटका कंपनी सोसते. वरच्या करारातली मुदत, दंडाचा दर, हमीचा काळ, बौद्धिक संपदेचे कलम खालच्या प्रत्येक खरेदी आदेशात नीट उतरले आहे का हे बघणे हेच विधी विभागाचे खरे काम आहे. ते भांडण सुरू होण्याच्या तीन वर्षे आधी करायचे असते.

उशिराच्या दंडाचेच घ्या. पुरवठ्याच्या करारांत सर्वसाधारण पद्धत दर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल दहा टक्के अशी. खरेदी विभागाला वाटते की करारात लिहिले आहे, कापून घ्या. पण करार कायद्याच्या कलम ७४ वर सर्वोच्च न्यायालयाचे दोन महत्त्वाचे निकाल आहेत. २००३ मध्ये ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्समध्ये आगाऊ ठरवलेली वाजवी रक्कम नुकसान सिद्ध न करताही मिळू शकते असे म्हटले. २०१५ मध्ये कैलाशनाथ प्रकरणात सांगितले की नुकसान झालेच नसेल तर भरपाईचा प्रश्न येत नाही, आणि नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते सिद्ध करायला हवे. आता समजा नौदलाने जहाजाची मुदत वाढवून दिली आणि कंपनीला दंड लागलाच नाही, तर झडपा उशिरा देणाऱ्या पुरवठादाराचे दहा टक्के कोणत्या आधारावर कापायचे? हे उत्तर पैसे कापण्याआधी तयार लागते. लवादासमोर शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान पुरवठादारांकडून होणाऱ्या खरेदीत आणखी एक मोठी गोम आहे. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा २००६ प्रमाणे करारात काहीही लिहिलेले असले तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो आला त्या दिवशीच स्वीकारला असे कायदा धरतो. प्रत्यक्षात काय होते? माल स्टोअरमध्ये येऊन पडतो, गुणवत्ता तपासणीचा अधिकारी दुसऱ्या जहाजावर अडकलेला असतो, तपासणी दोन महिन्यांनी होते, आणि लेखा विभाग त्यानंतर ४५ दिवस मोजतो. कायद्याचे घड्याळ मात्र पहिल्या दिवसापासून चालू झालेले असते. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के झाले. ४० लाखांचे बिल दोन वर्षे अडकले तर देणे ५७ लाखांवर जाते. या कायद्याखाली असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेने किंवा लवादाने पुरवठादाराच्या बाजूने निवाडा दिला आणि त्याला आव्हान द्यायचे असेल, तर ७५ टक्के रक्कम, म्हणजे सुमारे ४३ लाख, आधी कोर्टात भरावी लागते. आमच्या करारात वेगळी लवादाची अट आहे असे म्हणून सुटका नाही. एमएसएमई कायदा वरचढ ठरतो, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

हे प्रकरण कोर्टात जिंकण्यासारखे नसतेच. ते स्टोअरमध्ये जिंकायचे असते. तिथल्या लिपिकाला पंधरा दिवसांच्या आत पाठवायच्या हरकतीच्या पत्राचा दोन ओळींचा नमुना करून द्या, आणि माल उतरताच तारीख पडेल अशी व्यवस्था संगणकावर करून घ्या. माझ्या मते विधी अधिकाऱ्याने कंपनीत केलेले सर्वांत मोलाचे काम असेच असते, आणि त्याचे कुठे नाव होत नाही. पण त्या लहान कारखानदाराला वेळेवर पैसे मिळतात, त्याच्या कामगारांचे पगार होतात. ते बघण्यात मला कायम समाधान वाटत आले आहे.

लवादाची जुनी घडीही मोडली आहे. आमचे अध्यक्ष एकमेव लवाद नेमतील अशी अट सार्वजनिक कंपन्यांच्या छापील करारांत वर्षानुवर्षे होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एकतर्फी नेमणूक समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. त्याआधी जून २०२४ मध्ये वित्त मंत्रालयाने कळवले होते की सरकारी खरेदीच्या करारांत लवादाची अट सरसकट घालू नका, साधारण १० कोटींखालच्या वादांपुरतीच ठेवा आणि मोठ्या वादांत मध्यस्थी बघा. आणि नौदलाशी किंवा दुसऱ्या सरकारी कंपनीशी वाद झाला तर कोर्टाचा रस्ता जवळपास नाहीच. २०१८ पासून त्यासाठी सचिवांच्या पातळीवरची प्रशासकीय यंत्रणा आहे. तिथे युक्तिवादापेक्षा नीट मांडलेले चार पानी टिपण कामाला येते. ज्याला हे तिन्ही रस्ते माहीत आहेत त्या अधिकाऱ्याला करार लिहितानाच बोलावले जाते.

निर्यात नियंत्रण हा विषय गोव्यातल्या लॉ कॉलेजमध्ये मुलांच्या कानावरही पडत नाही, आणि पुढच्या पंधरा वर्षांत सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असेल असे मला वाटते. एखादा तरुण अभियंता कोटेशन मागवण्यासाठी परदेशी कंपनीला ईमेलने एक आराखडा पाठवतो. त्याच्या दृष्टीने ते रोजचे काम आहे. कायद्याच्या दृष्टीने तंत्रज्ञान देशाबाहेर गेले. लष्करी वस्तू आणि त्यांचे तंत्रज्ञान स्कोमेट यादीच्या, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या सरकारी यादीच्या, सहाव्या गटात येते, त्याला संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते. भाग अमेरिकन असेल तर अमेरिकेचे शस्त्रनिर्यातीचे आयटार नियमही त्याच्यासोबत येतात, आणि ते तिसऱ्या देशाच्या नागरिकाला नुसता आराखडा दाखवण्यालाही लागू होतात. गोवा शिपयार्डने श्रीलंकेच्या नौदलासाठी 'सयुराला' आणि 'सिंदुराला' या गस्ती नौका बांधून दिल्या. अशा प्रत्येक निर्यातीमागे परवान्यांचे एक मोठे बाड असते.

फेब्रुवारी २०२२ नंतर तर निर्बंधांचा कायदा थेट यार्डात येऊन पोचला. २०१९ च्या करारातली फ्रिगेट ज्या वर्गाची आहेत, त्या वर्गाचा आराखडा रशियन आहे आणि गॅस टर्बाइन युक्रेनी. हे दोन देश युद्धात उतरल्यावर पैसे कोणत्या बँकेतून पाठवायचे, विमा कोण देणार, तज्ज्ञ कसे येणार, उशिराला आकस्मिक अडचणीचे कलम लागेल का, हे प्रश्न अशा करारांत आले. नुसती किंमत वाढली किंवा काम अवघड झाले म्हणून करारातून सुटका होत नाही, हे एनर्जी वॉचडॉगच्या २०१७ च्या निकालापासून पक्के आहे. म्हणून कलमाचा शब्द न् शब्द आणि नोटीस किती दिवसांत द्यायची ते महत्त्वाचे.

सचोटीचा करार, म्हणजे लाच देणार-घेणार नाही अशी दोन्ही बाजूंची लेखी हमी, हा संरक्षण खरेदीचा कणा आहे. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी बारा हेलिकॉप्टरे घेण्याचा २०१० चा ऑगस्टा वेस्टलँड करार याच कराराच्या भंगावरून जानेवारी २०१४ मध्ये रद्द झाला, आणि परदेशी बँकांच्या गॅरंट्या वटवण्यासाठी सरकारला इटलीच्या कोर्टात जावे लागले. एअरबसने लाचखोरीच्या तपासांत २०२० च्या जानेवारीत फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेच्या तपास यंत्रणांशी सुमारे ३.६ अब्ज युरोंची तडजोड केली. अशा घटनांनंतर जगभरच्या संरक्षण कंपन्यांनी अनुपालनाचे स्वतंत्र विभाग उभारले, आणि तिथे वकीलच लागतात. दलालाशी केलेल्या सल्लागार करारावर 'नाही' लिहिण्याची वेळ तुमच्यावर कधीतरी येईल. कोणी वरिष्ठ तोंडी म्हणेल, बघून घ्या. तुम्ही शांतपणे ते फाइलवर लेखी मागवा. बहुतेक वेळा ते लेखी येत नाही, आणि विषय तिथेच संपतो.

गोव्याची एक खास बाजू आहे. इथल्या जमिनीचे जुने दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत, नोंदणीची पद्धत वेगळी, कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या सामायिक, जमिनी वेगळ्या, आणि किनाऱ्यावर सीआरझेडचे, म्हणजे किनारी बांधकामाचे, निर्बंध. फोंड्याच्या कोर्टात तुम्ही हे दस्त हाताळले असतील. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला ते कळत नाहीत. ही जमेची बाजू मुलाखतीत आवर्जून सांगा.

आता पगार आणि पुढचा रस्ता. केंद्रीय उपक्रमांत २०१७ च्या वेतनश्रेणीप्रमाणे ई-१ या अधिकारी श्रेणीची सुरुवात ४०,००० ते १,४०,००० या मूळ वेतनश्रेणीने होते, ई-४ ला ती ७०,००० ते २,००,००० आणि ई-६ ला ९०,००० ते २,४०,००० असते. वर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. मडगावात चौथ्या वर्षाच्या वकिलाला इतके नियमित पैसे क्वचित मिळतात. पण विधी विभाग लहान असतो, वरच्या जागा मोजक्याच. ई-४, ई-५ च्या आसपास माणसे वर्षानुवर्षे थांबलेली मी पाहिली आहेत. संचालक मंडळावर वित्त आणि उत्पादनाचे संचालक असतात. कायद्याचा माणूस तिथे फारसा पोचत नाही. यावर मला ठाऊक असलेला चांगला उपाय म्हणजे पहिल्या पाच-सहा वर्षांत कंपनी सेक्रेटरीची परीक्षा देणे. कंपनी कायद्याप्रमाणे ते पद व्यवस्थापनाच्या प्रमुख पदांत मोडते, आणि संचालक मंडळाच्या बैठकीत बसायला मिळते.

एकाच ठिकाणी असलेल्या यार्डाचा फायदा म्हणजे बदली जवळपास नाही. फोंड्याहून बोरी, वेर्णामार्गे रोज जाऊन-येऊन करता येईल, आई-वडिलांजवळ राहता येईल. तोटाही तोच: दहा वर्षांनी तुमची ओळख त्या चार भिंतींपुरती राहते. म्हणून सात-आठ वर्षांनी एकदा बाहेरचा बाजार बघा. खासगी संरक्षण कंपन्या पुणे, हैदराबाद, बेंगळुरूत वाढत आहेत. २०२० पासून थेट परकीय गुंतवणूक ७४ टक्क्यांपर्यंत आपोआप मार्गाने, म्हणजे सरकारची आधी मंजुरी न घेता, येऊ शकते, त्यामुळे संयुक्त कंपन्यांचे आणि तंत्रज्ञान हस्तांतराचे करार करणारे लोक त्यांना हवे असतात. तिथे पगार जास्त, वेग जास्त, नोकरीची हमी कमी. तुमच्याकडे फक्त कोर्टाच्या तारखांचा अनुभव असेल तर ते विचारणार नाहीत; संरक्षण खरेदीचे करार लिहिले असतील तर शोधत येतील.

मुलाखतीआधी २०२० ची संरक्षण अधिग्रहण कार्यपद्धती चाळा. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली नवी संरक्षण खरेदी नियमावली मात्र नीट वाचा, विशेषतः दंडाची प्रकरणे. त्याचबरोबर करार कायद्याची कलमे ५५, ५६, ७३, ७४ आणि एमएसएमई कायद्याची १५ ते १९. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. यार्डात कंत्राटी कामगार भरपूर, त्यामुळे त्यावर प्रश्न येणारच. आणि तुम्हीही त्यांना विचारा: विधी विभाग कोणाच्या हाताखाली आहे, थेट अध्यक्षांच्या की मनुष्यबळ विभागाच्या? निविदेचा मसुदा विधी विभागाकडे निघण्याआधी येतो की वाद झाल्यावर? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना ते घुटमळले तर समजा की ते टेबल तारखांचे आहे, आणि रुजू झालात तर पहिल्याच वर्षी खरेदी विभागाच्या निविदा समितीवर काम मागून घ्या.

निवड झाली तर हातातल्या प्रकरणांची वकीलपत्रे रीतसर दुसऱ्या वकिलाकडे सोपवा, अशिलांची मूळ कागदपत्रे पोच घेऊन परत करा, आणि रुजू व्हायच्या तारखेआधी बार कौन्सिलला सनद स्थगितीचा अर्ज द्या. त्या अर्जाची शिक्का मारलेली पोच घरी जपून ठेवा. पुढे कधी नोकरी सोडून सनद पुन्हा सुरू करायची झाली तर ती लागेल.